निर्वात फिल्मधारक

निर्वात फिल्मधारक : छायाचित्रण फिल्म कॅमेऱ्यात उद्‌भासित होत असताना (तिच्यावर प्रकाश पडत असताना) पूर्णपणे सपाट राहावी, यासाठी तिच्या पाठीमागची हवा काढून घेऊन वातावरणाच्या दाबानेच तिला एका अचूक सपाट पृष्ठावर घट्ट बसविणारे साधन. १० × १२·५ सेंमी. (४ × ५ इंच) वा त्याहून मोठे फिल्मचे सुटे ताव वापरणारे कॅमेरे, मुद्रणासाठी ऋणचित्रे तयार करणारे प्रक्रिया कॅमेरे आणि विमानातून नकाशांसाठी छायाचित्रे घेणारे कॅमेरे या तिन्हींत हे साधन निरनिराळ्या रूपांत वापरले गेले. छायाचित्रणाच्या इतिहासात भिंग, झडप आणि पायस (प्रकाशसंवेदी लेप) यांतील सुधारणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने फिल्मच्या मागे असलेल्या या पाटाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. तथापि भिंगाने निर्माण केलेली प्रतिमा कितीही रेखीव असली, तरी ती झेलणारे पृष्ठ आपल्या जागी नसेल, तर भिंगाचा गुण वाया जातो. काच सोडून फिल्म स्वीकारताना छायाचित्रणाला हलकेपणा व न फुटण्याचा गुण मिळाला. परंतु काचेचा अंगभूत सपाटपणा गमवावा लागला. तो परत मिळविण्याच्या खटपटीचा इतिहास म्हणजेच निर्वात फिल्मधारकाचा इतिहास होय.

सपाटपणाची आवश्यकता : भिंगाची प्रतिमा सामान्यतः एका प्रतलात रेखीव मिळते. या केंद्रप्रतलाच्या किंचित पुढे वा मागे फिल्म असल्यास प्रतिमेतील प्रत्येक बिंदूचा लहानसा ठिपका होतो. ठिपका पुरेसा लहान असेपर्यंत डोळ्यास अस्पष्टता जाणवत नाही. मात्र भिंगाचे छिद्र जितके मोठे, तितका हा ठिपका लवकर वाढतो. उदा., फिल्मचा मध्यभाग केंद्रप्रतलापासून ०·५ मिमी. फुगलेला असेल, तर एफ/५·६ या छिद्राला सु. ०·०९ मिमी. व्यासाचा ठिपका उमटतो. एफ/२२ या लहान छिद्राला तोच सु. ०·०२ मिमी. एवढा राहतो. त्यामुळे कॅमेरा तिपाईवर ठेवून, छिद्र लहान करून निसर्गदृश्ये वा इमारती टिपणाऱ्या छायाचित्रकारास साधा फिल्मधारक बहुधा पुरत असे. वेगाने जाणाऱ्या विमानातून मोठ्या छिद्राने चित्रे घेणाऱ्यास, किंवा मूळ चित्राच्या प्रत्येक बारीक रेषेची नक्कल करणाऱ्यास तो पुरत नसे.

सपाटपणाचा दुसरा संबंध मोजमापाशी आहे व तो अधिक महत्त्वाचा आहे. प्रकाशकिरण भिंगातून फिल्मच्या कडेकडे तिरपे जातात. तेथे फिल्म आपल्या प्रतलापासून पुढेमागे झाली, तर प्रतिमा केवळ पुसट होत नाही, तर आडवी सरकते. किरण अक्षाशी ४५° चा कोन करीत असेल, तर फिल्म जितकी उचलली गेली असेल तितकेच हे सरकणे असते. १ : २०,००० प्रमाणाच्या हवाई छायाचित्रात ०·१ मिमी. एवढे सरकणे म्हणजे जमिनीवर २ मी. अंतर होय. अस्पष्टता पाहणाऱ्याच्या लक्षात येते व तो सावध होतो. स्थानातील चूक मात्र रेखीव चित्रातही दडून राहते आणि त्या चित्रावरून काढलेल्या नकाशात, नकाशावरून आखलेल्या रस्त्यात वा कालव्यात उतरते.

काचेचा काळ : आरंभीच्या छायाचित्रणात हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. ल्वी दागेअर यांची १८३९ मध्ये जाहीर झालेली पद्धत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आधारलेली होती. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत कागदाचे ऋणचित्र वापरीत. कागद वाकू नये म्हणून त्याला काचेचा आधार द्यावा लागे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये ओल्या कलोडियनाची पद्धत प्रसिद्ध केली आणि काच हाच पायसाचा आधार ठरला. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचविलेल्या जिलेटिनाच्या कोरड्या पट्ट्या प्रचारात आल्यावरही आधार काचेचाच राहिला.

काचपट्टी जड व ठिसूळ असे. परंतु ती आपले माप व आकार सोडीत नसे. या गुणावर मोजमापाच्या दोन मोठ्या परंपरा उभ्या राहिल्या. पहिली इमारतींच्या मोजणीची. जर्मन वास्तुविशारद अल्ब्रेख्त मायडेनबावर हे १८५८ मध्ये व्हेट्‌सलर येथील कॅथीड्रलची मोजमापे घेत असताना उंचावरून पडता पडता वाचले. उंच भिंतींवर चढून मापे घेण्याऐवजी छायाचित्रांवरून ती काढता येतील, या विचाराचा त्यांनी पाठपुरावा केला. ‘फोटोग्रॅमेट्री’ ही संज्ञा १८६७ मध्ये त्यांच्याच लेखनाबरोबर रूढ होऊ लागली आणि १८८५ मध्ये बर्लिन येथे त्यांच्या नेतृत्वाखाली प्रशियाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या कामासाठी ४० × ४० सेंमी. एवढ्या मोठ्या काचपट्ट्या वापरीत. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या काही इमारतींच्या पुनर्रचनेत अशा काचचित्रांचा उपयोग झाला.

दुसरी परंपरा ज्योतिषशास्त्रातील. पॅरिस येथे १८८७ मध्ये भरलेल्या परिषदेत सर्व आकाशाचा छायाचित्रीय नकाशा तयार करण्याची आंतरराष्ट्रीय योजना ठरली. तीत पुढे हैदराबादच्या निझामिया वेधशाळेनेही आकाशाच्या एका पट्ट्याचे काम केले. या योजनेत काचेवरही आंधळा विश्वास ठेवलेला नव्हता. धुताना व वाळताना पायसाचा थर सरकला असल्यास कळावे म्हणून प्रत्येक पट्टीवर ५ मिमी. अंतरावरील रेषांची जाळी उद्‌भासनाने उमटविली जाई. माहीत असलेल्या जाळीशी ताडून आधारद्रव्याची चूक ओळखण्याची ही युक्ती पुढे फिल्मच्या काळात फार उपयोगी पडली.

फिल्मचे आगमन आणि तिचे दोष : फिलाडेल्फियातील जॉन कारबट यांनी १८८८ मध्ये सेल्युलॉइडच्या तावांवर पायसाचा लेप देऊन ते विक्रीस आणले. जॉर्ज ईस्टमन यांच्या कंपनीची पारदर्शक गुंडाळी फिल्म १८८९ मध्ये आली. २० × २५ सेंमी. आकाराच्या व २ मिमी. जाडीच्या काचेचे वजन सु. २५० ग्रॅ. भरते, त्याच आकाराचा सेल्युलोज ॲसिटेटाचा ०·२ मिमी. जाडीचा ताव १३–१४ ग्रॅ. पेक्षा अधिक भरत नाही. प्रवासी छायाचित्रकार, वृत्तपत्रे व लष्कर यांना हा फरक निर्णायक वाटला यात नवल नाही. ज्वालाग्राही सेल्युलोज नायट्रेटाची जागा क्रमाने सेल्युलोज ॲसिटेटाने घेतली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माप अधिक टिकवून धरणाऱ्या पॉलिएस्टरचा आधार प्रचारात आला.

आधारद्रव्य कोणतेही असो, फिल्म वाकण्याचे मूळ कारण तिच्या रचनेतच आहे. तिच्या एका बाजूस जिलेटिनाचे पायस असते. जिलेटीन दमट हवेत पाणी शोषून फुगते व कोरड्या हवेत आकसते. आधारद्रव्य मात्र तितके बदलत नाही. त्यामुळे कोरड्या हवेत ताव पायसाच्या बाजूकडे वळतो. हा ताण तोलण्यासाठी पुष्कळ फिल्मच्या पाठीवरही जिलेटिनाचा थर देत. तथापि दोन्ही बाजूंना हवा सारख्याच वेगाने लागत नसल्याने तोल तात्पुरता ढळतोच. पावसाळ्यात समुद्रकिनाऱ्याच्या दमट हवेतून आणलेला ताव उष्ण दिव्यांच्या उजेडात ठेवला की, हा परिणाम विशेष जाणवतो.

साध्या फिल्मधारकात ताव तीन कडांना अरुंद खाचांत सरकवतात व चौथी कड लहान फळीने दाबली जाते. मध्यभागाला समोरून कोणताच आधार नसतो. ताव आत सरकवता यावा म्हणून खाचेत थोडी मोकळीक ठेवावीच लागते आणि तेवढ्या मोकळिकीत ताव पुढेमागे होऊ शकतो. अमेरिकी प्रमाणानुसार ४ × ५ इंची धारकाची खोली ०·१९७ इंच (५·० मिमी.) असून तीत ०·००७ इंच (०·१८ मिमी.) कमीजास्त चालत असे, ८ × १० इंची धारकास हीच सूट ०·०१६ इंच (०·४१ मिमी.) होती. म्हणजे ताव जसजसा मोठा, तसतशी अनिश्चितता अधिक. कॅमेरा खाली तोंड करून उभा ठेवल्यास तावाचा मध्यभाग स्वतःच्या वजनाने झोळीसारखा लोंबतो. लांब उद्‌भासनात तर धारकाची झाकणपट्टी काढल्यावर आतील व बाहेरील हवेच्या दमटपणातील फरकामुळे ताव मध्येच एकदम सरकतो; मग एकाच चित्रात प्रत्येक रेषेच्या दोन प्रतिमा उमटतात. हा दोष पुष्कळदा भिंगाच्या वा कॅमेऱ्याच्या हादऱ्याच्या माथी मारला जाई.

निर्वाताव्यतिरिक्त उपाय : फिल्म सपाट करण्यासाठी तीन सोपे उपाय योजले गेले. पहिला, फिल्मच्या समोर काच ठेवून मागून दाब देण्याचा. यात फिल्म काचेच्या सपाटपणाशी जुळते. परंतु काचेच्या जाडीच्या सु. एकतृतीयांश अंतराने प्रतिमा मागे सरकते, दोन नवी परावर्तक पृष्ठे प्रकाशाच्या वाटेत येतात आणि काचेवरील प्रत्येक धूलिकणाची छाया चित्रात उमटते. फिल्म व काच यांमध्ये हवेचा अतिसूक्ष्म थर राहिल्यास रंगीत वलयेही दिसतात. दुसरा उपाय, मागील पाटाला न सुकणाऱ्या चिकट द्रव्याचा लेप देऊन ताव त्यावर चिकटविण्याचा. मुद्रणाच्या कामात ही रीत बरीच चालली. ती स्वस्त होती. मात्र लेपावर धूळ बसे आणि ताव सोडविताना तो वाकण्याची वा त्यावर ओरखडे पडण्याची भीती असे. तिसरा, भिंगाच्या बाजूने कॅमेऱ्यात हवेचा दाब किंचित वाढवून फिल्म मागील पाटावर रेटण्याचा. यासाठी संपूर्ण कॅमेरा हवाबंद असावा लागतो. निर्वात पद्धत ही या तिसऱ्या उपायाचीच उलट बाजू होय. तीत फक्त पाटामागील लहान पोकळी हवाबंद ठेवली म्हणजे भागते.

तत्त्व व रचना : हवेच्या दाबाचे सामर्थ्य सतराव्या शतकात ओटो फोन गेरिके यांनी धातूच्या दोन पोकळ अर्धगोलांतील हवा काढून दाखवून दिले होते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब दर चौ. सेंमी. ला सु. १ किग्रॅ. असतो. फिल्ममागील हवेचा केवळ दहावा हिस्सा काढून घेतला, तरी ४ × ५ इंची तावावर सु. १३ किग्रॅ. आणि २३ × २३ सेंमी. च्या तावावर सु. ५५ किग्रॅ. वजनाइतका दाब पडतो, आणि तो सर्व पृष्ठावर सारखा पडतो. कोणत्याही कमानीने वा चिमट्याने असा सारखेपणा साधत नाही. शिवाय फिल्मच्या पुढे काहीच ठेवावे लागत नसल्याने प्रतिमेच्या वाटेत अडथळा येत नाही. ‘शोषून घेणे’ असा शब्दप्रयोग प्रचारात असला, तरी फिल्म ओढली जात नसून समोरच्या हवेकडून ढकलली जाते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. या पद्धतीच्या मर्यादाही त्यातूनच उद्‌भवतात.

धारकाचा मुख्य भाग म्हणजे घासून अचूक सपाट केलेला धातूचा पाट. त्याच्या पृष्ठावर बारीक भोके वा उथळ खाचा असून त्या मागील पोकळीला जोडलेल्या असतात. पोकळीतून निघालेली नळी पंपाकडे जाते. भोके फार मोठी असल्यास फिल्म त्यांत दबून खळगे पडतात; फार लहान वा विरळ असल्यास हवा निघण्यास वेळ लागतो. सर्वांत मोठी अडचण हवेच्या बुडबुड्याची असते. तावाच्या कडा आधी चिकटल्या, तर मध्यभागी कोंडलेल्या हवेला बाहेर पडण्यास वाट राहत नाही आणि तेथे फुगवटा तसाच टिकतो. म्हणून खाचा मध्यापासून कडांपर्यंत सलग नेतात, किंवा ताव मध्यभागी आधी टेकवून मग कडांकडे हलक्या रुळाने सारतात. पाटावरील धुळीचा एक कणही फिल्मला तंबूसारखी उचलून धरतो. त्यामुळे निर्वात धारक जितका अचूक, तितकी त्याची स्वच्छता कडक ठेवावी लागे.

मुद्रणातील उपयोग : छायाचित्राच्या साहाय्याने छपाई करण्याच्या पद्धतीही काचेपासूनच सुरू झाल्या. साउदॅम्प्टन येथील ब्रिटिश सर्वेक्षण कार्यालयात हेन्री जेम्स यांच्या देखरेखीखाली १८५९–६० च्या सुमारास जस्ताच्या पत्र्यावर छायाचित्राने नकाशे उतरविण्याची फोटोझिंकोग्राफी ही पद्धत विकसित झाली. भारतात तिचा स्वीकार लवकरच झाला. पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाचे नाव याच पद्धतीवरून पडले. दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी मुंबईत ठोकळे व रंगीत छपाई यांच्या व्यवसायात होते आणि रंगीत छपाईची यंत्रसामग्री मिळविण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले होते. तीनरंगी छपाईत एकाच चित्राची निरनिराळ्या रंगगाळण्यांतून घेतलेली स्वतंत्र ऋणचित्रे एकमेकांवर तंतोतंत बसावी लागतात. एका ऋणचित्रात आधारद्रव्य किंचित हलले, तरी छापील चेहऱ्याच्या ओठांचा रंग ओठांबाहेर जातो. काच होती तोवर ही जुळणी कारागिराच्या हातावर अवलंबून होती. फिल्म आल्यावर ती फिल्मच्या स्वभावावरही अवलंबून राहू लागली.

विसाव्या शतकात प्रक्रिया कॅमेऱ्यांत काचेऐवजी फिल्म आली, तेव्हा कॅमेऱ्याची मागील बाजू निर्वात पाटाच्या रूपात बनविण्यात येऊ लागली. मोठे कॅमेरे भिंतीत बसवीत. भिंगाची बाजू उजेडात व पाटाची बाजू अंधाऱ्या खोलीत असे. बिजागरीवर दारासारखा उघडणारा हा पाट आडवा करून त्यावर ताव ठेवीत, पंप सुरू करीत आणि दार बंद करून उद्‌भासन देत. तावांच्या निरनिराळ्या आकारांनुसार पाटावर रेषा आखलेल्या असत व आकाराबाहेरील खाचा झडपांनी बंद करता येत; नाहीतर उघड्या भोकांतून हवा आत शिरून निर्वात ढासळे.

निर्वात पाट मुद्रणात अपरिहार्य ठरला तो फिल्मवरील स्पर्श जाळीमुळे. छटा असलेले चित्र छापण्यासाठी ते लहानमोठ्या बिंदूंत फोडावे लागते. पूर्वी यासाठी काचेवर कोरलेली जाळी ऋणचित्रापासून काही मिमी. अंतरावर ठेवीत. स्पर्श जाळी मात्र फिल्मला प्रत्यक्ष चिकटून राहावी लागते; जेथे ती उचलली जाईल, तेथे बिंदू पसरट होतात व चित्रावर ढगाळ डाग पडतात. जाळी तावापेक्षा चोहोबाजूंनी मोठी घेऊन त्यावर अंथरीत. मग एकाच पंपाने ताव पाटाला व जाळी तावाला चिकटे. ऋणचित्रावरून मुद्रणपत्रा उद्‌भासित करण्यासाठीही काच व रबरी चादर असलेली निर्वात चौकट वापरीत. प्रतिरूप मुद्रण (ऑफसेट) करणाऱ्या छापखान्यांत पंपाची घरघर ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नित्याची बाब होती.

हवाई सर्वेक्षणातील उपयोग : निर्वात पद्धतीची खरी कसोटी विमानात लागली. पहिल्या महायुद्धात विमानातून छायाचित्रे घेण्यासाठी काचपट्ट्या वापरीत असत. परंतु शेकडो चित्रांच्या सलग रांगा घेण्यासाठी गुंडाळी फिल्मशिवाय गत्यंतर नव्हते. जर्मनीत ओस्कार मेस्टर यांनी १९१५ मध्ये फिल्मवर चालणारा स्वयंचलित हवाई कॅमेरा तयार केला. अमेरिकेत शर्मन फेअरचाइल्ड यांनी युद्धानंतर हवाई कॅमेऱ्यांची मोठी निर्मिती उभारली. पुढे नकाशांच्या कामासाठी २३ × २३ सेंमी. चे चित्र आणि १५२ मिमी. केंद्रांतराचे विस्तृत कोनाचे भिंग हे जवळजवळ प्रमाणभूत झाले. स्वित्झर्लंडमधील विल्ड आणि जर्मनीतील झाइस या कंपन्यांचे असे कॅमेरे जगभर वापरले गेले. या मापांच्या कॅमेऱ्यात चित्राच्या कोपऱ्याकडे जाणारा किरण अक्षाशी ४५° पेक्षा किंचित अधिक कोन करतो. म्हणून फिल्मचा उंचसखलपणा तेथे जवळजवळ जशाच्या तसा स्थानाच्या चुकीत बदलतो.

हवाई कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रासाठी ठराविक क्रम चाले : फिल्म पुढे सरके, पाट तिच्या पाठीशी टेके, हवा काढली जाई, झडप उघडून मिटे, हवा परत आत सोडली जाई आणि फिल्म पुन्हा सरके. काही सेकंदांच्या या चक्रात फिल्म पूर्ण सपाट होण्यास क्षणभरच मिळे. निर्वात निर्माण करण्यासाठी पंप वापरीत, किंवा विमानाच्या बाहेर बसविलेली व्हेंचुरी नळी वापरीत. मध्ये अरुंद असलेल्या या नळीतून हवा वेगाने वाहताना अरुंद भागातील दाब घटतो व त्या भागाला जोडलेली नळी कॅमेऱ्यातील हवा खेचते. अशा रीतीने विमानाचा वेगच फिल्म सपाट करण्याच्या कामी येई.

त्रिमितीय मोजणीत सपाटपणाचे महत्त्व आणखी वाढते. एकाच भूभागाची लागोपाठची दोन चित्रे साधारण ६० टक्के एकमेकांवर येतील अशी घेतात आणि दोन्हींतील प्रतिमांच्या स्थानांमधील फरकावरून उंची काढतात. १ : २०,००० प्रमाणाच्या चित्रजोडीत हा फरक मोजताना ०·०२ मिमी. ची चूक झाल्यास उंचीत सु. ६६ सेंमी. ची चूक होते. सह्याद्रीसारख्या तुटलेल्या कड्यांच्या प्रदेशात समोच्चरेषा काढताना एवढी चूक कदाचित खपून जाईल. जवळजवळ सपाट खोऱ्यात कालव्याचा उतार ठरविताना ती खपत नाही. पाण्याचा प्रवाह कोणत्या बाजूस वळेल, धरणाच्या फुगवट्याखाली कोणाची शेते जातील, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे अखेर फिल्म व पाट यांमधील काही सहस्रांश सेंमी. हवेवर अवलंबून राहत. भारतात स्वातंत्र्योत्तर काळात सर्वेक्षण विभागाच्या नकाशांचा मोठा आधार हवाई छायाचित्रे हाच होता. त्यांच्या अर्थनिर्णयनाचे शिक्षण देणारी संस्था डेहराडून येथे १९६६ मध्ये स्थापन झाली.

मर्यादा : समोरच्या हवेच्या दाबावर चालणारी ही पद्धत हवा विरळ झाली की दुबळी होते. सु. ५,५०० मी. उंचीवर वातावरणाचा दाब निम्मा होतो, आणि २० किमी. च्या आसपास तो सु. अठराव्या हिश्शाइतका उरतो. अवकाशात तर तिचा आधारच नाहीसा होतो. अपोलो–११ मोहिमेत १९६९ मध्ये चंद्रपृष्ठावर वापरलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यात फिल्मच्या लगेच पुढे एक काचपट्टी होती व तिच्यावर १ सेंमी. अंतराने बारीक फुल्या कोरलेल्या होत्या. चंद्रावरील प्रसिद्ध छायाचित्रांत दिसणाऱ्या फुल्या त्याच होत. फिल्म वाकली वा धुताना आकसली, तर फुल्यांमधील अंतरांवरून ते ओळखता येई. ज्योतिषशास्त्रातील जाळीचे तत्त्व अशा रीतीने पुन्हा उपयोगात आले.

सपाटपणा हा स्वतः साध्य नसून प्रतिमेच्या पृष्ठाशी जुळणे हे साध्य आहे, याचे उदाहरण बेर्नहार्ट श्मिट यांनी १९३० मध्ये तयार केलेल्या दूरदर्शक कॅमेऱ्यात मिळते. त्याची प्रतिमा वक्र पृष्ठावर पडते. पॅलोमार येथील १·२ मी. च्या श्मिट दूरदर्शकात सु. ३५·५ सेंमी. चौरस व केवळ १ मिमी. जाडीच्या काचपट्ट्या धारकात दाबून सु. ३ मी. त्रिज्येच्या गोलीय पृष्ठाप्रमाणे वाकवीत. जेथे फिल्मचा वाकण्याचा स्वभाव दोष ठरला, तेथेच काचेला वाकायला लावावे लागले.

व्यक्तिगत छायाचित्रणात निर्वात धारकाचा प्रसार मर्यादित राहिला. पंप, नळ्या व वीज यांचे लोढणे तिपाईबरोबर वाहणे बहुतेकांना परवडत नसे आणि लहान छिद्राने काम भागत असे. चित्रांच्या नकला, पुराभिलेखांचे छायाचित्रण, वास्तूंची मोजणी आणि फार मोठी वर्धने यांसाठीच तो वापरला गेला. लहान आकारमानात या कल्पनेचा एक उल्लेखनीय आविष्कार काँटॅक्स आरटीएस–३ या १९९० मधील कॅमेऱ्यात झाला. त्यात ३५ मिमी. फिल्म निर्वाताने पाटाला चिकटविली जाई.

उत्तरकाल : अंकीय संवेदकाने हा प्रश्न मुळातूनच बदलला. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये कल्पिलेल्या विद्युत्‌भार-युग्मित प्रयुक्तीपासून (सीसीडी) निघालेले संवेदक सिलिकॉनाचे असल्याने काचेप्रमाणेच ताठ असतात. नकाशांच्या कामासाठी मोठे अंकीय हवाई कॅमेरे २००० साली ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या सुमारास पुढे आले आणि त्यानंतर हवाई सर्वेक्षणातून फिल्म क्रमाने मागे पडली. मुद्रणातही संगणकावरून थेट पत्रा तयार होऊ लागल्यावर प्रक्रिया कॅमेरे बंद झाले. अशा रीतीने आधारद्रव्याचा प्रवास ताठ पत्र्यापासून निघून, लवचिक फिल्ममधून, पुन्हा ताठ पृष्ठापाशी आला.

तथापि निर्वात पाटाचे तत्त्व टिकून आहे. संवेदक व संगणकांच्या चकत्या घडविताना सिलिकॉनाच्या पातळ तबकड्यांवर प्रकाशाने सूक्ष्म आकृती उमटविल्या जातात, तेव्हा त्या तबकड्या निर्वात पाटावरच धरून सपाट ठेवतात. फिल्मच्या काळातील हवाई छायाचित्रांचे संग्रह जुन्या नद्यांचे प्रवाह, किनारे, जंगले व वस्त्या यांचे मोजता येण्याजोगे पुरावे म्हणून आजही वापरले जातात. त्यांवरून केलेल्या प्रत्येक मोजणीची विश्वसनीयता उद्‌भासनाच्या त्या क्षणी फिल्म किती सपाट होती, यावर अवलंबून असते.